डाव्या कानाचा कार्ब्युरेटर

आपल्या कानाने आपल्याशी बेइमानी केली, हे कानसेनांना भर दुपारी, स्वतःच्या गॅरेजमध्ये, बायको, मुलगी आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक यांच्या देखत कळलं. असलं काही कळायचंच असेल, तर माणसाला निदान एकटं असताना कळावं. पण फजिती कधी आडोसा बघून येते का?

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी ठेवलेलं. गाण्याचा आणि त्यांचा संबंध शून्य. आंघोळ करतानासुद्धा त्यांना कुणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. पण इंजिन सुरू केलं की हा माणूस डोळे मिटायचा आणि कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय, कुठला बेअरिंग म्हातारा झालाय, ते घरातल्या माणसाची खोड सांगावी तसं सांगायचा. आणि त्यातही त्यांची खासियत म्हणजे दोन कार्ब्युरेटरच्या गाड्या.

ज्यांनी असली गाडी उघडून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून पाजणारं भांडं म्हणजे कार्ब्युरेटर. साध्या गाडीला एक पुरतो. जुन्या ऐटबाज गाड्यांना दोन असत. पुढचा पुढच्या दोन सिलिंडरांना पाजणार, मागचा मागच्या दोघांना. दोघांनी हवा सारखी ओढली, तर इंजिन मांजरासारखं घुरघुरत राहतं. एकाने जास्त ओढली आणि दुसऱ्याने अंग चोरलं, की अख्खी गाडी जागच्या जागी थरथरते, पेट्रोल ढोसते आणि चढावर धापा टाकते. दोघांना एका मापात आणायचं म्हणजे स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि माप कशाने घ्यायचं? तर कानाने. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. हवा आत शिरताना सूं आवाज होतो, तो दोन्हीकडे सारखा आला पाहिजे.

कानसेनांच्या वडिलांनी आपल्या दोन्ही मुलांना हे शिकवलं ते एका नळीने. आधी या तोंडाशी ऐक, मग त्या तोंडाशी, मग परत या. कंटाळवाणं काम. कानसेनांनी तरुणपणी त्यात सुधारणा केली. दोन नळ्या घेतल्या, जुन्या हेल्मेटचा पट्टा कापून त्यावर बसवल्या आणि तो पट्टा डोक्यावर चढवला. गाडीच्या बाजूला उभं राहिलं की पुढचा कार्ब्युरेटर डाव्या कानात, मागचा उजव्या कानात. दोन्ही एकाच वेळी! हात मोकळे, स्क्रू फिरवायला. चहाचा कप संपेपर्यंत काम फत्ते. दुसरे मेकॅनिक बघायला येत आणि तोंडात बोटं घालून परत जात. वडीलसुद्धा म्हणाले होते, "कार्टं डोकेबाज आहे." त्यांच्या तोंडून निघालेली ही एवढीच स्तुती, आणि कानसेनांनी ती जन्मभर पुरवून पुरवून वापरली.

एकट्या धाकट्या भावाला ही युक्ती पटली नाही. वडील गेल्यानंतरची गोष्ट. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं उभी होती, कानसेन डोक्यावर पट्टा चढवून ऐटीत स्क्रू फिरवत होते आणि धाकटा बोलून गेला, "दादा, दोन कान म्हणजे दोन माणसं. त्यांचं एकमत आहे याची खात्री काय? एकाच कानाने दोन्हीकडे ऐकावं."

खरं सांगायचं तर त्या दिवशी धाकटाच चुकला होता. कान तेव्हा ठणठणीत होते, दोन्ही. पण चार लोकांसमोर, आणि तेही लहान भावाने! कानसेन तापले. पट्टा काढून बाकावर आपटला आणि म्हणाले, "माझ्या कानाबद्दल पुन्हा एक शब्द काढलास, तर तुझा माझा संबंध संपला. आणि हेही ऐकून ठेव, ज्या दिवशी हा कान चुकेल त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने शटर ओढीन!" रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते पणाला लावतो. धाकट्याने आपल्या हत्यारांची पेटी उचलली आणि त्याच रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या पलीकडे, स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. मग बरीच वर्षं गेली. आई होती तोवर निरोपांची ये-जा तिच्यामार्फत चालायची. ती गेली आणि तेही बंद पडलं. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघं भाऊ अशा काही तन्मयतेने दुकानांच्या पाट्या वाचायचे, की बघणाऱ्याला वाटावं आजच अक्षरओळख झाली.

शटरची ती गोष्ट मात्र कानसेन अभिमानाने सगळ्यांना सांगत. इंजिनाचे प्लग काढून, त्यांच्या रंगावरून पेट्रोल कमी की जास्त ते ओळखणाऱ्या मेकॅनिकांची ते टिंगल करत. "प्लग काढून बघायचं काम बहिऱ्यांचं," म्हणत. गेली काही वर्षं गाड्या उभ्या असताना जरा जास्त थरथरतात, हे त्यांच्याही हाताला जाणवलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर तयार असे. गाडी जुनी आहे, वय झालंय, थरथरणारच.

तर ती दुपार. निवृत्त जज्जसाहेबांची सायीच्या रंगाची गाडी उभी होती. साहेबांचा या गाडीवर पोटच्या मुलापेक्षा जास्त जीव, आणि मुलगा परदेशी गेल्यापासून तर उघडउघड. इंजिन सगळं उतरवून कानसेनांनी नवं केलं होतं. शेवटचं काम दोन्ही कार्ब्युरेटर जुळवण्याचं. तेही झालं. कानसेनांनी पट्टा उतरवला, हात पुसले आणि म्हणाले, "ऐका, साहेब. तंबोरा लावलाय."

मुलगी शेजारी उभी होती. तीही याच धंद्यात, पण एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, जिथे म्हणे फरशीवर तेलाचा थेंब दिसला तर तिथला साहेब जाब विचारतो. ती सुट्टीला आली होती आणि तिच्या पिशवीत हवा मोजायचा मीटर होता. दिसायला अगदी किरकोळ. खाली रबराची वाटी, वर काचेची नळी, नळीत एक मणी. वाटी कार्ब्युरेटरच्या तोंडावर दाबून धरायची. हवा जितकी जोरात ओढली जाईल तितका मणी वर चढतो.

"बाबा, रागावणार नसाल तर एक गंमत करू?"

"कर की. तुझ्या त्या बाटलीलाही कळू दे बापाचा कान काय चीज आहे."

कानसेनांची बायको डबा घेऊन आली होती, तीही बघायला थांबली. मुलीने वाटी पुढच्या कार्ब्युरेटरवर धरली. मणी सरसर चढला आणि नळीच्या माथ्याजवळ थांबला. मग तिने ती मागच्यावर धरली. मणी जेमतेम हलला, खाली कुठेतरी घुटमळला आणि तिथेच बसून राहिला.

इंजिन चालूच होतं.

"वाकडा धरलास," कानसेन म्हणाले.

तिने सरळ धरला. मणी तिथेच.

"मग तो तापलाय. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत या यंत्रांची! दोन मिनिटं गरम हवा लागली की बिघडली."

"मीटर तापतो?" जज्जसाहेबांनी भाबडेपणाने विचारलं.

"या जगात सगळंच तापतं, साहेब!"

मीटर गार होईपर्यंत थांबले. परत धरला. पुढे वर, मागे खाली. मुलीचा चेहरा पडला होता. तिला खरोखर बापाचा कान जिंकलेला बघायचा होता. कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पट्टा उचलला, पुन्हा डोक्यावर चढवला. दोन्हीकडे सारखा सूं आवाज. अगदी एका मापाचा. ते हसलेसुद्धा. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी नळ्यांची टोकं बदलली. डावी मागे धरली, उजवी पुढे.

उजव्या कानात पुराचं पाणी शिरावं तसा आवाज आला. डाव्या कानात काहीच नाही.

नळी तुंबली असेल, म्हणून त्यांनी ती काढून फुंकली. साफ होती. मग पट्टाच काढून टाकला आणि एकच नळी घेतली, वडील शिकवायचे तशी. पुढच्या तोंडाशी धरून आधी डाव्या कानात. तीन घरं सोडून कुणी अंगण झाडत असावं, तसं काहीतरी लांबचं. तीच नळी, त्याच तोंडाशी, उजव्या कानात. पूर.

कानसेन जवळच्या टायरवर बसले. पुढचा आवाज डाव्या कानाला कमी यायचा म्हणून ते पुढचा स्क्रू उघडत राहायचे, उघडत राहायचे, दोन्ही कानांना सारखं वाटेपर्यंत. म्हणजे गाडी जुळत नव्हती. त्यांचे कान जुळत होते.

"कान गेला माझा," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"डावा ना?" बायको म्हणाली.

कानसेनांनी झटक्यात मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"डावीकडून हाक मारली की तुम्ही ओ देत नाही, हे ठाऊक होतं. म्हणून तर मी पलंगाची बाजू बदलली. मला वाटलं, डावीकडून बायकोचं ऐकायचं नाही असं तुम्ही ठरवलंय. तुमच्या घराण्यात हट्ट काय कमी आहे? म्हटलं, त्यात आणखी एक."

"अगं, पण एवढी वर्षं..."

"नवरा ऐकत नाही म्हणून कुणी कानाच्या डॉक्टरकडे नेतं का? मग तर गावातले सगळेच न्यावे लागतील." असं ती म्हणाली खरी, पण म्हणतानाच तिचे डोळे भरून आले. ती डबा खाली ठेवून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. सवयीनेच.

कानसेन उठले आणि शटरकडे गेले. शटर ओढायची आकड्याची काठी त्यांनी हातात घेतली. मुलगी धावली, "बाबा, साहेबांची गाडी आत आहे." तेव्हा ते थांबले, आणि थांबल्यावर त्यांच्या डोक्यात दुसरा विचार आला. तो पहिल्यापेक्षा भयंकर होता. कान काही आज सकाळी गेला नव्हता. मग इतकी वर्षं इथून बाहेर पडलेल्या गाड्या? एकही परत कशी आली नाही? एकही माणूस भांडायला कसा आला नाही?

त्यांनी जज्जसाहेबांकडे पाहिलं. साहेब आपल्या बुटांच्या नाड्या तपासत होते. जन्मभर ज्याने लोकांकडून खरं वदवून घेतलं, त्याला खोटं बोलायची सवय कुठून असणार!

"साहेब, गाडी माझ्याकडून नेल्यावर नीट चालायची?"

"चालायची की."

"इथून निघाल्यापासून?"

साहेबांनी घसा साफ केला. "इथून कोपऱ्यापर्यंत जरा मान हलायची. मग पेट्रोल पंपाच्या पलीकडे थांबलो की..."

पेट्रोल पंपाच्या पलीकडे कोण आहे, हे त्या रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"धाकटा?" कानसेन म्हणाले.

"बोनेट उघडतो. एकाच नळीने दोन्हीकडे ऐकतो. पुढचा थोडा बंद, मागचा थोडा उघडा. झालं."

"फक्त तुमची?"

"सगळ्यांची," साहेब म्हणाले. आता त्यांनी मान वर केली होती. "आम्ही सगळेच तिथून जातो. त्याची एकच अट. दादाला कळता कामा नये. मी एकदा म्हटलं, सगळं काम तुझ्याकडेच देतो. तर केवढा रागावला! म्हणाला, इंजिन बांधावं ते दादानेच, माझा हात तसा नाही. मी फक्त शेवटचा स्क्रू फिरवतो."

कानसेनांना हे ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. ज्याला त्यांनी गावभर पंपापलीकडचा पोपट म्हणून हिणवलं, ज्याच्या गॅरेजकडे बघायला नको म्हणून ते भाजी आणायला वळसा घालून जात, तो त्यांचं नाव उष्ट्या ताटासारखं रोज घासून ठेवत होता. आभार मानावे की गळा धरावा, त्यांना काही सुचेना. गळा धरणं जास्त सोपं वाटलं. ते साहेबांच्या गाडीत बसले आणि कुणाला न विचारता निघाले.

कोपऱ्यापर्यंत गाडीची मान हलत होती. आणि तिच्याबरोबर त्यांचीही.

धाकट्याच्या गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा तो आत पाठमोरा काहीतरी पुसत होता. इंजिनाचा आवाज ऐकून मागे न बघताच म्हणाला, "या साहेब, या. बघू, आज दादाने पुढचा किती उघडलाय." भिंतीवरची नळी गळ्यात अडकवून, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो बोनेटपाशी आला, आणि मग त्याला काचेतून दिसलं की स्टिअरिंगमागे साहेब नाहीत.

स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातातून खाली पडला.

"दादा."

"हो, दादा. ओळखलंस, उपकार झाले!" कानसेन उतरले. इंजिन बंद करायचंही त्यांना भान नव्हतं. "किती वर्षं मला वेड्यात काढलंत रे सगळ्यांनी मिळून? सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणाला होतास, कानाबद्दल शब्द काढलास तर संबंध संपला."

"संबंध तर केव्हाच संपला होता!"

"तुझ्याकडून," धाकटा म्हणाला.

कानसेन आणखी मोठ्याने ओरडले. "एवढा संबंध होता तर तोंड का शिवलंस? आई गेली त्या दिवशी दवाखान्यात, बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसलास. मला वाटलं, आज तरी बोलेल. आई आत पडलीय, आज तरी हा पोरगा दादा म्हणेल. तर मूग गिळून बसलास! ते मी अजून विसरलो नाही. बाकी सगळं विसरलो असतो, पण ते नाही."

धाकट्याचा चेहरा बघता बघता बदलला.

"मी बोललो नाही?"

"एक शब्द नाही!"

"दादा, मी बोललो." तो सावकाश म्हणाला. "खूप बोललो. आदली रात्रभर जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. चार लोकांत तुला बोललो ती माझी चूक झाली, म्हणालो. आता आई पण नाही, आपण दोघंच उरलो, म्हणालो. मला परत गॅरेजमध्ये घे, असं म्हणालो."

"आणि मी?" कानसेनांनी विचारलं.

"तू समोर बघत राहिलास. मग उठलास, माझ्याकडे वळून पाहिलंस आणि म्हणालास, 'सगळ्यांना चहा सांगतोस का?'"

चहा कानसेनांना आठवत होता. कागदी कप, भलताच गोड. धाकट्याने तो स्वतः आणून त्यांच्या हातात दिला होता आणि तडक निघून गेला होता. चहा देतो, पण बोलत नाही, काय हा माज, असं तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं.

"मला ऐकू आलं नाही रे," ते म्हणाले. मग मोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने, "शपथ सांगतो, मला ऐकू आलं नाही!"

धाकटा डोळे बारीक करून हवेत कुठेतरी बघत होता, आणि त्याचा एक हात कुठे भिंत, कुठे बाक, असं काहीतरी मांडत होता. "तू भिंतीच्या कडेला बसला होतास," तो म्हणाला. "भिंत तुझ्या उजवीकडे. म्हणजे मी..." त्याने डावा हात पुढे केला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "पुढचा जास्त उघडा, म्हणजे दादाचा डावा कान गेला, हे मी पहिलीच गाडी बघून ओळखलं. आई गेली त्याच वर्षी. इतक्या गाड्या उघडल्या, दर वेळी मनात म्हणालो, डावा गेलाय, डावा गेलाय. आणि मी स्वतः कुठे बसलो होतो, ते एकदाही..."

मागे साहेबांची गाडी थरथरत उभी होती आणि पंपावरचा माणूस हातातलं काम सोडून या दोघांकडे बघत होता.

कानसेनांनी धाकट्याचा दंड धरला. ओढून त्याला आपल्या उजव्या बाजूला उभं केलं.

"आता बोल," ते म्हणाले. "सगळं बोल. पहिल्यापासून."

धाकट्याने गळ्यातली नळी काढली आणि तोंड उघडलं. कानसेन उजवा कान त्याच्याकडे करून तसेच उभे राहिले.